हेडफोनला ॲम्प हवा की नको?

महागाचे हेडफोन घेतले, मोबाईलला जोडले आणि आवाज मनासारखा निघाला नाही, की पहिला सल्ला मिळतो तो ॲम्प घेण्याचा. हा सल्ला काही हेडफोनांच्या बाबतीत अगदी बरोबर आहे, काहींच्या बाबतीत निव्वळ खर्चाचा आहे, आणि काही नाजूक इअरफोनांच्या बाबतीत तर आवाज बिघडवणारा आहे. कोणता हेडफोन कुठल्या गटात बसतो हे ठरवायला तज्ज्ञ असावं लागत नाही. खोक्यावर छापलेले दोन आकडे आणि थोडं गणित एवढं पुरतं.

आधी एक गोष्ट. २०१६ साली आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक गेला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तोच रस्ता धरला. तेव्हापासून वायरवाला हेडफोन जोडायला जो बोटभर डोंगल लागतो, त्यात बहुतेकदा डिजिटल सिग्नलचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारा डॅक असतो आणि ती लहर हेडफोनपर्यंत ढकलणारा छोटा ॲम्पही असतो. म्हणजे डोंगल वापरणाऱ्या बहुतेकांकडे पोर्टेबल ॲम्प आहेच. प्रश्न एवढाच, की तो आपल्या हेडफोनला पुरतो का?

खोक्यावरचे दोन आकडे

पहिला आकडा इम्पिडन्सचा, म्हणजे हेडफोन विजेला किती रोध करतो त्याचा; तो ओहममध्ये असतो. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा : एक मिलिवॅट ताकद दिली तर किती डेसिबल आवाज निघतो, ते तो सांगतो. लोक पहिलाच आकडा बघतात आणि ‘ओहम जास्त, म्हणजे हेडफोन जड’ असा निष्कर्ष काढतात. तो अर्धाच खरा आहे.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरला जाणारा हेडफोन घ्या. तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. सेन्सिटिव्हिटी तिघांची सारखीच, मिलिवॅटला ९६ डेसिबल. गाण्यातला सर्वांत मोठा क्षण ११० डेसिबलपर्यंत स्वच्छ जावा, असं धरलं तर तिघांनाही साधारण २५ मिलिवॅटच लागतात. फरक आहे तो ती ताकद कोणत्या रूपात हवी यात. ३२ ओहमच्या जोडीला ०.९ व्होल्ट आणि २८ मिलिअँपिअर लागतात, २५० ओहमच्या जोडीला अडीच व्होल्ट आणि अवघे १० मिलिअँपिअर. एकीला करंट हवा, दुसरीला व्होल्टेज. मोबाईल आणि साधे डोंगल करंट बऱ्यापैकी देतात, पण व्होल्टेजमध्ये तोकडे पडतात. २५० ओहमचा हेडफोन फोनवर दबलेला वाटतो तो यामुळे.

आता याच्या उलट टोक. हायफायमॅनचा एचई-६ हा प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोन फक्त ५० ओहमचा, म्हणजे कागदावर सोपा. पण त्याची सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॅट लागतात. कानात घालायच्या ज्या इअरफोनची सेन्सिटिव्हिटी ११० आहे, त्याचं काम एका मिलिवॅटमध्ये होतं. साडेचारशे पटींचा हा फरक ओहमच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे.

इथे एक सावधगिरी हवी. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला न देता व्होल्टला देतात. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन एका व्होल्टला १०३ डेसिबल देतो. मिलिवॅटच्या भाषेत तेच सुमारे ९८ होतात. एकक न बघता दोन हेडफोनांची तुलना केली तर सगळा हिशेब चुकतो.

डोंगल कुठवर पुरतो?

ॲपलचा छोटा डोंगल जास्तीत जास्त एक व्होल्टच्या आसपास देतो. त्याच्या युरोपातल्या आवृत्तीत तर त्याच्या निम्मंच मिळतं. या एका व्होल्टवर ३२ ओहमचा डीटी ७७० हा १११ डेसिबलपर्यंत जातो. त्याला वेगळा ॲम्प देऊन काही साधत नाही. एचडी ६५० हा १०३ पर्यंत पोहोचतो, म्हणजे चित्रपटसंगीताला पुरतो. बायरडायनॅमिकचा ६०० ओहमचा डीटी ८८० हा ९८ च्या आसपास थांबतो आणि एचई-६ त्याच्याही खाली.

आकड्यांवरून वाटेल, की ९८ डेसिबल म्हणजे पुष्कळ झाले. पण ही मर्यादा सर्वांत मोठ्या क्षणाची आहे. विलंबित ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात आलापाची सरासरी पातळी खूप खाली असते आणि तार सप्तकातली एखादी तान तिच्यापेक्षा १५-२० डेसिबल वर जाते. आलाप नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की तानेच्या जागी ॲम्पची ताकद संपते आणि स्वर चिरकतो. आजच्या चित्रपटगीतांत पातळी सतत वरच ठेवलेली असते, त्यामुळे ही अडचण तिथे जाणवत नाही. आपण काय ऐकतो, यावरही ॲम्पची गरज ठरते. अभिजात संगीत ऐकणाऱ्याने थोडी ताकद शिल्लक राहील असाच ॲम्प घ्यावा.

अनेक अँड्रॉइड फोनांवर ॲपलचा हा डोंगल आपला पूर्ण आवाज देत नाही, हेही लक्षात असू द्या. दुकानात आपला स्वतःचा फोन लावूनच तपासावं.

तिसरा आकडा, जो खोक्यावर नसतो

ॲम्पलाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो, त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. १६ ओहमच्या इअरफोनला दोन ओहमच्या आतला ॲम्प हवा. याचं कारण असं : हेडफोनवर छापलेला ओहमचा आकडा सगळ्या स्वरांना सारखा लागू नसतो. एचडी ६५० चा इम्पिडन्स खर्जाच्या पट्ट्यात ३०० वरून ५०० च्या जवळ जातो. ॲम्पचा रोध मोठा असेल, तर ज्या पट्ट्यात हेडफोनचा इम्पिडन्स जास्त, त्या पट्ट्याला व्होल्टेजचा जास्त वाटा मिळतो आणि तो भाग फुगतो. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे आवाज काढणारे इवलेसे घटक, बसवलेल्या इअरफोनांत हा चढउतार मोठा असतो, त्यामुळे चुकीच्या ॲम्पवर त्यांचा सगळा तोलच बदलतो. प्लॅनर हेडफोनांचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असल्याने त्यांना हा धोका नाही.

नाजूक इअरफोनांना दुसरा त्रास खरखरीचा. ताकदवान ॲम्पचा स्वतःचा सूक्ष्म आवाजही त्यांच्यातून ऐकू येतो आणि गाणं थांबलं की सूं असा आवाज येत राहतो. त्यांच्यासाठी कमी गेनची, म्हणजे सिग्नल कमी पटींनी वाढवण्याची, सोय असलेला, शांत ॲम्प हवा.

मोजून बनवलेला ॲम्प

खास हेडफोनसाठीच्या पोर्टेबल ॲम्पचा धंदा १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हेडरूम या कंपनीने रुजवला. त्याच दशकाच्या शेवटी चू मॉय यांनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक सोपा सर्किट आराखडा खुला केला. पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत तो बसवून हौशी लोकांनी जगभर आपापले ‘सीमॉय’ ॲम्प बनवले. २०११ मध्ये ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह २’ हा आराखडा मोजमापांसकट प्रसिद्ध केला. स्वस्त भाग नीट निवडले आणि प्रत्येक टप्पा मोजला, तर महागड्या ॲम्पच्या तोडीचं काम होतं, हे त्याने दाखवून दिलं. २०१२ नंतर तो गप्प झाला, पण त्याचा आराखडा अनेक छोट्या उत्पादकांनी वापरला. ॲम्पचा कस किमतीवर ठरत नाही, मोजमापावर ठरतो, ही शिकवण आज बाजारात उभं राहताना फार उपयोगाची आहे.

बाजारात काय आहे?

ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला, फोनमधूनच वीज घेणारे डोंगल. त्यातले चांगले आता दोन व्होल्ट सहज देतात. दुसरा, स्वतःची बॅटरी असलेले ब्लूटूथ ॲम्प. क्युडेलिक्स ५के किंवा फिओच्या बीटीआर मालिकेतले ॲम्प खिशाला अडकवता येतात, फोनला वायर लागत नाही. तिसरा, मोठी बॅटरी असलेले वजनदार ॲम्प. ते एचई-६ सारख्या हट्टी हेडफोनांच्या मालकांसाठीच.

यातल्या पुष्कळांवर ४.४ किंवा २.५ मिलिमीटरची बॅलन्स्ड जोडणी असते. तिच्यात व्होल्टेज दुपटीपर्यंत मिळतं, म्हणजे सहा डेसिबल जास्त. २५०-३०० ओहमच्या हेडफोनांना त्याचा खरा फायदा आहे. सोप्या इअरफोनला नाही. बॅलन्स्डसाठी दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या असलेली केबलच लागते. साध्या ३.५ च्या पिनेला अडॅप्टर लावून ती बॅलन्स्ड जॅकमध्ये घालू नका, ॲम्प जळू शकतो.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये त्याचा ॲम्प आतच असतो, त्याला बाहेरचा घ्यायचं कारण नाही. लोकलच्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून ॲम्प घेणाऱ्यांनी तर तो विचार सोडावा. तिथे कान नीट बंद करणारे इअरफोन हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे, ९० डेसिबल मात्र फक्त चार तास. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवला, तर ही मर्यादा दोन-तीन दिवसांतच संपते आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही.

खरेदीला जाताना एक पथ्य पाळा. दोन ॲम्पची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो. फोनचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून आपलं संगीत भरपूर आणि स्वच्छ ऐकू येत असेल, तर ॲम्पचे पैसे वाचवा आणि ते अधिक चांगल्या हेडफोनमध्ये घाला. पूर्ण आवाजावरही कमी पडत असेल, तर आधी दोन आकडे मांडून किती व्होल्ट आणि किती मिलिअँपिअर लागतात ते काढा, आणि तेवढं देणारा सर्वांत छोटा, सर्वांत शांत ॲम्प घ्या.