बिगरहंगामातील दिवेआगर : अल्प खर्चाचा प्रवास आणि यजमानाचा मान

रोमची यात्रा फेब्रुवारीसारख्या शांत महिन्यात केल्यास खर्च बराच कमी होतो, हे तेथे जाऊन आलेले आपले धर्मग्रामस्थ सांगतात. इतक्या दूर जाणे प्रत्येक कुटुंबाला शक्य नसते. परंतु हाच न्याय आपल्या कोकण किनाऱ्यालाही लागू पडतो. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

नाताळ, मे महिना आणि सलग सुट्ट्या हा येथील हंगाम. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मात्र गाव पुन्हा आपले आपण होते. किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक याच काळात. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, जंजिरा किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. पर्यटक फिरकत नाहीत, साहजिकच घरगुती निवासाचे दर उतरतात. कोकण रेल्वेने माणगावपर्यंत आणि पुढे एस.टी.ने म्हसळा, बोर्ली पंचतन या मार्गाने गेल्यास प्रवासाचा भारही हलका राहतो.

पावसात तेथे पाहण्यासारखे काय असते, असा प्रश्न कोणी विचारील. दिवेआगरचे मोल केवळ वाळू आणि सुरूच्या बनात नाही. येथे सापडलेला शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट हा मराठी भाषेच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखही त्याच शकातला. म्हणजे शिलाहार राजांच्या काळी या गावात मराठीत व्यवहार लिहिला जात होता. रूपनारायण मंदिरातील विष्णुमूर्ती त्याच परंपरेची साक्ष देते. तिच्या प्रभावळीवर दशावतार कोरलेले आहेत. हे सारे गर्दीवाचून, निवांतपणे पाहण्याची संधी पावसाळ्यातच मिळते.

आज ज्याला आपण बिगरहंगाम म्हणतो, तोच एकेकाळी या किनाऱ्याच्या व्यापाराचा पाया होता, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघून नैर्ऋत्य वाऱ्यावर भारतात यावे, असे सांगितले आहे. त्यात उल्लेखिलेले सिमुल्ला बंदर म्हणजे दिवेआगरच्या उत्तरेचे चौल, असे अभ्यासक मानतात. भूमध्य समुद्राकाठची बाजारपेठ आणि आपले कोकण यांना जोडणारा धागा हा पावसाळी वाराच होता.

आता या गावाने सोसलेले आघात पाहू. १९९७ साली येथील एका सुपारीच्या वाडीत तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावात भाविकांची रीघ लागली. त्या ओघावर अनेक घरांनी खोल्या बांधल्या, खानावळी सुरू केल्या. २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांची हत्या करून तो मुखवटा पळविला व वितळविला. माणसांची वर्दळ रोडावली. हस्तगत झालेल्या सोन्यातून घडविलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. त्याआधीच, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून तिला फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर त्या कुटुंबाने काय करावे? उत्तर पुष्कळदा एकच असते : येणाऱ्या पाहुण्याची सोय.

म्हणूनच बिगरहंगामात जाणाऱ्याने एक विवेक बाळगावा. दर मुळात उतरलेले असताना आणखी घासाघीस करणे म्हणजे यजमानाच्या अडचणीवर आपली काटकसर उभारणे होय. काटकसर स्वतःच्या गरजांत करावी. दुसऱ्याच्या घामाच्या मोबदल्यात करू नये. खोली साधी घ्यावी, जेवण घरगुती घ्यावे, मोदक हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे आणि ठरलेली रक्कम हसतमुखाने द्यावी. परतताना वाडीतील सुपारी किंवा कोकम घेतल्यास तोही त्या घराला हातभारच.

सावधगिरीची एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. पावसाळ्यात समुद्रात मुळीच उतरू नये. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते व तिची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. काल ज्या वेळी वाळू मोकळी होती, त्याच वेळी आज पाणी असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण अधिक असते. परतीचा प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत ओढतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच दर्यावर जातात. ज्यांचे आयुष्य समुद्रावर गेले, ते जर थांबतात, तर आपण दोन दिवसांच्या पाहुण्यांनी का थांबू नये?

ओसरीवर बसून पागोळ्या पाहाव्यात, यजमानांच्या वडीलधाऱ्यांकडून वादळाची हकीकत ऐकावी. हंगामात त्यांना बोलायला उसंत नसते आणि आपल्याला ऐकायला. थोड्या पैशांत मिळणारा हा सहवास हेच बिगरहंगामी प्रवासाचे खरे धन होय.