हिरवट खांब चुलीत घालू नका

आमच्या कर्नाळ्याला वाळवी फार. पावसाळा संपला की मांडवाचे खांब बुडाशी पोकळ होतात. अभयारण्यातले लाकूड तोडायला बंदी आहे. म्हणून कोणी कोणी विकतचे औषध भरलेले खांब आणतात. त्यांना वाळवी लागत नाही. का लागत नाही, ते मी गुरुजींना विचारले.

मोठ्या लोखंडी टाकीत लाकूड ठेवतात. दार घट्ट लावून आतली हवा काढून घेतात. मग औषधाचे पाणी जोरात दाबून सोडतात. ते लाकडात खोल शिरते. रंगासारखे वरवर राहत नाही. यातले एक प्रसिद्ध औषध आपल्याच देशातले आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सोंटी कामेशम यांनी ते १९३३ साली शोधले. त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असते. तांब्याने बुरशी मरते, आर्सेनिकने वाळवी मरते आणि क्रोमियम दोघांना लाकडात धरून ठेवते. आर्सेनिक म्हणजे सोमल. आजी म्हणाली, "अरे, ते तर विषच की!"

तरी नुसत्या कुंपणाच्या खांबाची भीती थोडी. पण पावसात औषध थोडे थोडे झिरपते आणि खांबाजवळच्या मातीत राहते. मुळा, रताळी, माठ यांना ती माती चिकटते. वांग्या-मिरचीत फार कमी जाते. आमच्या परसबागेतली भाजी शाळेच्या खिचडीत पडते, म्हणून वाफ्यांच्या कडेला आम्ही दगड लावले आहेत.

सगळ्यात वाईट म्हणजे जाळणे. उरलेले तुकडे आपण बंबात घालतो ना? आगीत सोमल नाहीसा होत नाही. काही धुरातून जातो, बाकीचा राखेत राहतो. आणि राख तर आपण भांड्यांना लावतो, अळूत टाकतो, काही म्हातारी माणसे दातसुद्धा घासतात! कापताना पडलेला भुसा कोंबड्यांच्या खुराड्यात पसरू नये. कापणाऱ्याने नाकाला फडके बांधावे.

नव्या लाकडाला हिरवट झाक असते. जुने झाले की ते राखाडी दिसते, मग ओळखू येत नाही. दुकानदाराला कोणते औषध आहे ते विचारावे. अमेरिकेत २००३ साल संपताना कारखान्यांनी घर-बागेच्या लाकडात सोमलाचे औषध घालणे बंद केले. आता तिथे त्यासाठी बिनसोमलाची, तांब्याची औषधे वापरतात.

रेल्वेचे जुने काळे स्लीपर वेगळे. त्यांत दगडी कोळशाच्या डांबराचे तेल असते. उन्हात वास सुटतो, हाताला काळे लागते, कातडीची आग होते. तेही वाफ्याला नको आणि बसायलाही नको.

मग मांडवाला काय घालायचे? सागाचा गाभा टिकतो, पण महाग. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला तर त्याला कीड कमी लागते. आजीची युक्ती मला सगळ्यात आवडते. पावसाच्या तोंडावर शेवग्याची नाहीतर पांगाऱ्याची जाड फांदी रोवायची. ती फुटते आणि जिवंत खांब होतो. आमच्या मांडवाचे दोन खांब तसलेच आहेत. फक्त ते छाटावे लागतात, नाहीतर पडवळाला ऊन मिळत नाही.

— इयत्ता चौथी