ला कुपोल : खांब वाचले, खुर्चीचे काय?

पॅरिसच्या मोंपार्नास भागात एका रुंद रस्त्यावर लाकूड-कोळशाची वखार होती. ती जागा घेऊन एर्नेस्त फ्रो आणि रने लाफों या दोघा भागीदारांनी तेथे प्रचंड मोठे भोजनगृह उभारले. आजूबाजूला ‘डोम’ आणि ‘रोतोंद’ ही प्रसिद्ध कॅफे होतीच. या नावांना शोभेल असे नाव नव्या भोजनगृहाला मिळाले : ‘ला कुपोल’, म्हणजे घुमट! २० डिसेंबर १९२७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पाहुण्यांची इतकी झुंबड उडाली, की शॅम्पेनचा साठा मध्यरात्रीच संपला, असे सांगतात.

फ्रेंच भाषेत अशा भोजनगृहाला ‘ब्रासरी’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ बिअर गाळण्याचा कारखाना. पुढे बिअरबरोबर जेवणही मिळू लागले आणि ब्रासरी सर्वांचीच झाली. कुपोलमध्ये त्याच्या जोडीला कॉकटेल देणारा ‘अमेरिकन बार’ही होता. त्या काळी अमेरिकेत दारूबंदी होती, त्यामुळे पॅरिसमधल्या अमेरिकनांना अशा बारचे आकर्षण वाटले, तर नवल नाही. तळघरात नाचाचे दालन होते.

खांबांवरची चित्रे

कुपोलचे खरे वैभव म्हणजे तेथील खांब. पंचवीसहून अधिक चित्रकारांनी ते रंगवले. त्यांत मारी व्हासिलिएफ ही रशियन चित्रकर्तीही होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने आपल्याच चित्रशाळेत गरीब कलावंतांसाठी स्वस्त खानावळ चालवली होती. भुकेल्या चित्रकारांना जेवू घालणाऱ्या बाईचे चित्र भोजनगृहाच्या खांबावर असावे, हे किती योग्य!

शिल्पकार जाकोमेत्ती, लेखक सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर येथे येत. चित्रकारांच्या भाड्याच्या खोल्या थंडीत गारठलेल्या असत. एका कॉफीच्या दामात ऊब, उजेड आणि सोबत मिळत असेल, तर आणखी काय हवे?

भारतीय वाचकाला गंमत वाटेल ती येथील मटण करीची. पहिल्या वर्षापासून खाद्ययादीत असलेली ही ‘भारतीय पद्धतीची’ करी भारतीय पोशाखातला वाढपी ढकलगाडीवरून टेबलापाशी आणून वाढे. आपल्या घरच्या रश्श्याशी तिचे नाते दूरचेच. पण कुपोलची ती ओळख ठरली.

वाचवण्याची किंमत

शहर वाढले, जागेचे भाव कडाडले. १९८८मध्ये कुपोल एका मोठ्या उपाहारगृह-कंपनीच्या हाती गेले. त्याच वर्षी सरकारने ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्याची नोंद केली. खांब आणि सजावट वाचली, पण डोक्यावर अनेक मजली इमारत उभी राहिली. २००८मध्ये चार चित्रकारांनी मधला घुमट नव्याने रंगवला.

कायद्याने भिंती राखता येतात, खांब राखता येतात. पण ज्याच्या खिशात एका कॉफीपुरतेच पैसे आहेत, त्याच्यासाठी खुर्ची राखणारा कायदा कुठेच नाही. ते काम मालकाच्या मनाचे. कुपोलचे खांब रंगले, ते अशा खुर्च्यांवर बसणाऱ्यांच्या हातांनी. जुनी वास्तू जपणाऱ्यांनी खांबांबरोबर ही खुर्चीही आठवावी.