तीन भालाईत, घोड्यांविना

दिल्लीतलं तीन मूर्ती भवन बहुतेकांना नावानं तरी ठाऊक असतं. पंडित नेहरू पंतप्रधान असताना तिथे राहत. मात्र ज्या तीन मूर्तींवरून वास्तूला हे नाव मिळालं, त्या समोरच्या चौकात आहेत आणि वाहनं त्यांना वळसा घालून निघून जातात. भवन १९३० सालचं, मूर्ती त्याच्याही आधीच्या, १९२२ मधल्या.

मधे दगडी स्तंभ, भोवती ब्राँझचे तीन सैनिक. शिल्पकार लिओनार्ड जेनिंग्ज. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या भालाईत घोडदळांचे हे प्रतिनिधी. गंमत म्हणजे घोडदळाच्या या स्मारकात घोडा एकही नाही! तिघेही जमिनीवर पाय रोवून उभे.

पहिल्या महायुद्धात ही तिन्ही घोडदळं संस्थानी फौजांच्या १५व्या घोडदळ ब्रिगेडमध्ये होती; ही ब्रिगेड सिनाई, पॅलेस्टाईन आणि सीरियात लढली. तिची सगळ्यात गाजलेली लढाई २३ सप्टेंबर १९१८ची. आज इस्रायलमध्ये असलेलं हैफा बंदर तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होतं. कार्मेल डोंगरावर तोफा आणि मशीनगन मोक्याच्या जागा धरून बसल्या होत्या, दुसऱ्या अंगाला किशोन नदी होती. म्हैसूरच्या स्वारांनी डोंगर चढून तोफांवर चाल केली. जोधपूरचे स्वार नदीकडे वळले, तर काठची वाळू घोडे गिळू लागली. मग ते डावीकडे वळून डोंगराच्या पायथ्याकडच्या मशीनगनवर तुटून पडले आणि थेट शहरात घुसले. जोधपूरच्या स्वारांचे मेजर दलपतसिंह शेखावत यांना या लढाईत वीरमरण आलं. संध्याकाळपर्यंत तेराशेहून अधिक कैदी हाती लागले होते. भाल्यांनी मशीनगनवर मात करावी, हे त्या युद्धात क्वचितच घडलं.

जानेवारी २०१८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू आले असताना या चौकाचं नाव ‘तीन मूर्ती हैफा चौक’ झालं. विजयाची आठवण ठेवायला हरकत नाही, पण या नावानं स्मारकाचा आवाका आक्रसला. हैफावरच्या मुख्य धडकेत हैदराबादचे स्वार नव्हतेच. मराठवाडाही तेव्हा ज्यात मोडत होता, त्या निजामाच्या या संस्थानाची मूर्ती तिथे आहे ती ब्रिगेडच्या साऱ्या मोहिमेसाठी. शिवाय हैफा ही या स्वारांची शेवटची धडक नव्हे. महिन्याभरानं, २६ ऑक्टोबरला, अलेप्पोजवळच्या हरितान इथे म्हैसूर आणि जोधपूरचे स्वार पुन्हा असेच चालून गेले. शत्रूचं बळ जास्त निघालं, हल्ला फसला आणि हैफापेक्षा अधिक सैनिक तिथे कामी आले. चारच दिवसांनी तुर्कस्ताननं युद्धविरामावर सही केली.