चांदीचा चढता भाव आणि कारागिराची उतरती मजुरी

पुण्यातील सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीसारख्या उपनगरात चांदीचे पैंजण, जोडवी आणि वाळे विकणाऱ्या छोट्या दुकानदाराचे, तसेच ते दागिने घडवणाऱ्या कारागिराचे उत्पन्न चांदीच्या भावाबरोबर वाढत असेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात हे नाते बहुतेकदा उलटे असते, आणि ते समजून घेण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीकडे पाहावे लागते.

हुपरी आणि रेंदाळ, पट्टणकोडोली यांसारख्या शेजारच्या गावांत घरोघरी चालणाऱ्या चांदीचे दागिने घडवण्याच्या उद्योगात आटणी, तार ओढणे, कड्या जोडणे, झाळणे, घुंगरू बसवणे आणि उजाळा देणे ही कामे वेगवेगळ्या हातांत विभागलेली असून जोडणीचे बरेचसे काम स्त्रिया घरी बसून करतात. चांदी बहुधा व्यापाऱ्याची असते. कारागिराला ती वजनाने मिळते, दागिनाही वजनानेच परत द्यावा लागतो, आणि काम करताना होणारी घट, म्हणजे कणांच्या रूपाने वाया जाणारा धातू, ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर ती त्याच्या मजुरीतून वळती होते.

ही मजुरी किलोवर ठरते, तेथेच अडचणीचे मूळ आहे. 2025 च्या सुरुवातीला किलोमागे नव्वद हजार रुपयांच्या आसपास असलेला भाव त्याच वर्षी ऑक्टोबरात दीड लाखापलीकडे गेला. नऊ हजार रुपये खर्चू शकणाऱ्या ग्राहकाला, घडणावळ आणि कर बाजूला ठेवले, तर पहिल्या भावाने शंभर ग्रॅमचे पैंजण मिळत होते आणि दीड लाखाच्या भावाने साठ ग्रॅमचे मिळू लागले. पैंजण पायात भरलेले दिसावेत म्हणून कड्यांची संख्या फारशी कमी करता येत नाही, त्याऐवजी तार बारीक केली जाते, आणि बारीक तार झाळताना वितळण्याचा धोका अधिक असल्याने काम उलट जिकिरीचे होते. तरीही त्या जोडीमागची मजुरी दोन पंचमांशाने घटते. मजुरी जोडीवर किंवा कामाच्या बारकाईवर ठरवणे हाच यावर न्याय्य उपाय आहे, पण चांदी ज्याची त्याचाच शब्द चालतो.

स्वतःची चांदी गुंतवणाऱ्या छोट्या उत्पादकाची कोंडी वेगळी आहे. 2025 मधील त्या भाववाढीने दहा किलो मालासाठी नऊ लाखांऐवजी पंधरा लाखांचे भांडवल लागू लागले, आणि दुकानदाराला उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे येईपर्यंत भाव कोठे जाईल, हे त्याच्या हाती नसते. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयातशुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले, तेव्हा भाव अचानक उतरून ज्यांच्याकडे माल शिल्लक होता त्यांना तोटा सोसावा लागला. सेलम, आग्रा आणि राजकोट येथील मालाशी, तसेच यंत्रावर घडणाऱ्या साखळ्यांशी असलेली स्पर्धा यात भर घालते.

भावाखेरीज छोट्या व्यावसायिकापुढे शुद्धतेचाही प्रश्न असतो. चांदीच्या शुद्धतेला बाजारात टंच म्हणतात, आणि तो ग्राहकाला डोळ्यांनी कळत नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या दागिन्यांवर स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याची व्यवस्था ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. तिच्यामुळे मोठ्या पेढीचे नाव पाठीशी नसलेल्या धायरीतील दुकानदारालाही शुद्धतेचा पुरावा दाखवता येतो, मात्र तपासणीचा आणि ने-आणीचा खर्च थोड्या मालावर विभागला जात असल्याने तो छोट्या व्यावसायिकालाच अधिक जड जातो.