आकाशाची साक्ष आणि नकाशाचे दप्तर

नागपुरात कोणाचे घर विचारले तर उत्तर चौकांच्या हिशेबाने मिळते: व्हेरायटी चौकातून झाशी राणी चौक, तेथून सरळ शंकरनगर चौक, पुढे अमुक ले-आऊट, आणि त्यात पाण्याच्या टाकीमागची तिसरी गल्ली. टपालाच्या पत्त्यात प्लॉट क्रमांक असतो खरा; परंतु १९३६ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने आणि त्याच्या मागोमाग खाजगी संस्थांनी ज्या वस्त्या आखल्या, त्यांत क्रमांक पडले ते भूखंडांना, आणि तेही आखणीच्या कागदावरील ओघाने; त्यामुळे सत्तेचाळीसच्या समोर एकशे बारा निघाला तरी अस्सल नागपूरकरास त्यात काही वावगे वाटत नाही. अशा शहरात लहानाचा मोठा झालेला अभियंता नोकरीनिमित्त स्टुटगार्टला वा न्यू जर्सीला बिऱ्हाड थाटतो, पहिल्या पगारांतून एखादी जुनी मोटार घेतो, आणि तिच्या काचेवर बसविण्याकरिता जीपीएसचा डबा विकत आणतो, तेव्हा तो डबा त्यास पहिलाच प्रश्न रस्त्याचे नाव कोणते आणि घराचा क्रमांक कोणता, असा करतो. टाकी, देऊळ, चौक यांपैकी कशाशीही त्यास कर्तव्य नसते.

हा प्रश्नही देशोदेशी निराळा असतो. इंग्लंडात नुसता पोस्टकोड घातला तरी साधारणपणे पंधरा घरांच्या आत आणून सोडतो. हॉलंडात चार अंक, दोन अक्षरे आणि घराचा क्रमांक एवढ्यावर भागते. दुबईत प्रत्येक इमारतीच्या दारावर मकानी नावाचा दहा अंकी क्रमांक लावलेला असतो. जपानात मात्र बहुतेक रस्त्यांना नावे नाहीत, घरांचे क्रमांक गटवार पडतात, आणि जुन्या वस्त्यांत ते बांधकामाच्या क्रमाने पडलेले आढळतात. म्हणजे रीत आपल्या ले-आऊटच्या बरीच जवळची. तेथील कारखानदारांनी त्यावर तोड काढली ती अशी की, जेथे जावयाचे तेथील दूरध्वनी क्रमांक यंत्रात घालावा आणि यंत्राने वाट दाखवावी. ही युक्ती नागपूरच्या एखाद्या उद्योजकास सुचली असती, तर लग्नसराईत मंगल कार्यालये हुडकीत फिरणाऱ्या वऱ्हाडी मंडळींनी त्यास दुवा दिला असता.

आता, हा डबा घेणाऱ्याची सर्वसाधारण समजूत अशी असते की आपण उपग्रहांचे पैसे देत आहो. वस्तुस्थिती उलट आहे. आकाशातून येणारा संदेश फुकट आहे. त्यास वर्गणी नाही, परवाना नाही, आणि डबा स्वतः आकाशाकडे एक अक्षरही पाठवीत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसच्या आसपास उपग्रह अणुघड्याळांच्या आधारे अखंड वेळ सांगत असतात. संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा यांतील फरकावरून डबा आपले त्या उपग्रहापासूनचे अंतर काढतो. तीन अंतरे मिळाली की स्थान निश्चित व्हावे; पण डब्यातील घड्याळ स्वस्तातले, आणि प्रकाश तर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो; म्हणून घड्याळाची चूक काढण्याकरिता चवथ्या उपग्रहाची साक्ष घ्यावी लागते. वरच्या घड्याळांवरही आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताचा अंमल चालतो: पृथ्वीवरील घड्याळांच्या मानाने ती दिवसाकाठी ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, आणि ही दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक घोटाळा झाला असता.

ही सारी व्यवस्था मुळात लष्करी. १९८३ च्या सप्टेंबरात वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले जाऊन २६९ माणसे प्राणास मुकली, तेव्हा अमेरिकेने ती नागरिकांनाही खुली करण्याचे जाहीर केले. तथापि मुलकी उपयोगाच्या संदेशात जाणूनबुजून मिसळलेली अशुद्धी निघाली ती २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी. त्यापूर्वी डबा शंभर मीटरांपर्यंत चुके, म्हणजे शेजारच्या रस्त्यावर नेऊन उभे करी. त्यानंतर ती चूक दहावीस मीटरांवर आली आणि मोटारीतील जीपीएसचा बाजार खऱ्या अर्थाने उभा राहिला. आपल्या देशाची नाविक ही सात उपग्रहांची योजना २०१६ साली आकाशात पूर्ण झाली. परंतु तिचा टापू भारत आणि त्याच्या सीमेबाहेर सुमारे दीड हजार किलोमीटर एवढाच असल्याने स्टुटगार्टच्या बिऱ्हाडास तिचा उपयोग नाही. तेथे युरोपचे गॅलिलिओ कामास येते, आणि डबा घेताना तो एकाहून अधिक योजनांचे संदेश ऐकतो की नाही हे पाहून घेणे श्रेयस्कर. उंच इमारतींच्या दाटीत त्याचा फरक लक्षात येतो.

आकाश सांगते ते एवढेच की, आपण अमुक अक्षांशावर आणि अमुक रेखांशावर आहात. तेथे रस्ता आहे की तलाव, तो एकेरी वाहतुकीचा आहे की दुहेरी, पुलावर किती उंचीचे वाहन चालते, हे सांगणारा जो नकाशा डब्यात भरलेला असतो, त्याचेच दाम आपण मोजतो; आणि नकाशा हा अखेर पटवाऱ्याच्या दप्तरासारखा असतो: कोणी पायाने फिरून नोंद केली असेल तर ती आहे, आणि फेरफार चढविला नसेल तर दप्तर खोटे बोलते.

नागपूरच्या माणसाने ही गोष्ट विसरू नये, कारण तिची एक मोठी साक्ष त्याच्याच दक्षिणेस पडली आहे. १८०२ साली मद्रासेस पायाची रेषा मोजून विल्यम लॅम्ब्टनने त्रिकोणमितीय भूमापन आरंभिले; अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र देवळांच्या गोपुरांवर चढवीत, टेकडीमागून टेकडी बांधीत त्याने दोन दशके भारताचा कणा उत्तरेकडे मोजीत आणला, आणि हैदराबादेकडून नागपुरास येत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे तो मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालविले, आणि नागपूरच्या झीरो माइलचा जो वालुकाश्माचा खांब भारताचा मध्यबिंदू म्हणून पाहुण्यांना दाखविला जातो, तोही याच मोजणीच्या परंपरेतील, १९०७ च्या सुमाराचा, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण आहे. (मध्यबिंदूचा लौकिक त्यास कोणी दिला असेल तो असो, आम्हां नागपूरकरांना तो सोडवत नाही.)

गंमत अशी की, एव्हरेस्टने पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला तो भारताच्या भूमीस बेतलेला होता, आणि उपग्रह जो आकार धरतात तो सबंध पृथ्वीस बेतलेला आहे. त्यामुळे जुन्या सरकारी नकाशावरील रेखांश जसाच्या तसा डब्यात घातला तर मध्य भारतात शंभर मीटरांहून अधिक सरकून दुसऱ्याच्या वावरात उतरण्याची पाळी येते. २००५ च्या नकाशा धोरणाने भारतीय सर्वेक्षण विभागाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, आणि लोकांकरिता असलेली मालिका उपग्रहांच्या मापास जुळवून घेतली. खाजगी उद्योगास नकाशे बनविण्याची खरी मोकळीक मिळाली ती २०२१ च्या फेब्रुवारीत.

वाट शोधण्याचे गणित मात्र सरळ आहे आणि त्याचा इतिहास रम्य आहे. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून थकलेला एड्सगर डाइक्स्ट्रा हा तरुण गणिती आपल्या वाग्दत्त वधूसह कॉफीगृहाच्या अंगणात बसला असता, सर्वांत जवळचा मार्ग काढण्याची रीत त्याने कागद-पेन्सिलीवाचून सुमारे वीस मिनिटांत मनात जुळविली. आजच्या डब्यातील गणित तिच्याच वंशातले आहे, आणि ज्या टॉमटॉम कंपनीने २००४ साली मोटारीच्या काचेवरील डब्याचा बाजार युरोपात भरास आणला ती त्याच ॲमस्टरडॅमची.

हातातील फोनमध्ये नकाशा असताना निराळा डबा घ्यावा कशास, असा प्रश्न रास्तच आहे, आणि ज्याचे जाणे-येणे शहरातल्या शहरात आहे त्याने तो घेऊही नये. परंतु आल्प्सच्या दऱ्यांत किंवा अमेरिकेच्या पश्चिमेकडील ओसाड मुलुखात फोनचे जाळे तुटते, आणि डब्यातील नकाशा पोटातच असल्यामुळे त्यास जाळ्याची गरज पडत नाही. भाड्याच्या मोटारीबरोबर यंत्र घेतल्यास त्याचे दररोजचे भाडे पडते. आणि नागपुराहून सहा महिन्यांकरिता आलेल्या बाबांना चक्रासमोर बसविले, तर फोन वाजताच नकाशा नाहीसा होण्याचा प्रसंग त्यांच्यावर न आलेला बरा.

घेताना पहिली पाहणी मुलुखाची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डब्यात बहुधा उत्तर अमेरिकाच असते. पुढे बदली जर्मनीस झाली तर युरोपचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि कित्येकदा त्याची किंमत नव्या डब्याच्या जवळपास जाते. ‘आजन्म नकाशे’ असे खोक्यावर छापलेले असते. तो जन्म डब्याचा असतो, घेणाऱ्याचा नव्हे, आणि कंपनी त्या नमुन्याची सेवा बंद करील तोपर्यंतच तो चालतो. जुना डबा स्वस्तात मिळाला तरी एक गोष्ट तपासावी: जीपीएस आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंतच करते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री हा फेरा पूर्ण झाला, तेव्हा काही जुन्या यंत्रांनी तारीख जवळजवळ वीस वर्षे मागे नेली. दुकानदारासमोरच डबा सुरू करून तारीख पाहिली की ही शंका फिटते.

दुसरी गोष्ट दोरीची. वाहतूक तुंबल्याची वार्ता काही डब्यांना रेडिओवरून मिळते, आणि ती ऐकणारा भाग डब्यात नसून मोटारीतील विजेच्या दोरीत बसविलेला असतो. दोरी हरवली म्हणून दुकानातून साधी आणून लावली तर डबा चालतो, विजेवर भरतोही, पण वाहतुकीविषयी मौन धरतो. आणि बिचारा मालक यंत्र बिघडले म्हणून तक्रार नोंदवीत राहतो.

तिसरी काचेची. युरोपातील पुष्कळ मोटारींच्या पुढच्या काचेत ऊन परतविणारा धातूचा पातळ थर असतो, आणि आकाशातून येणारा अतिशय क्षीण संदेश त्यातून आत येत नाही. आरशाच्या आसपास काचेचा एक तुकडा बहुधा मोकळा ठेवलेला असतो. डबा त्याच्या रोखाने बसवावा. कॅलिफोर्नियात मात्र काचेवर वाटेल तेथे तो चिकटविता येत नाही; २००९ पासून तेथील कायद्याने खालचे कोपरे नेमून दिले आहेत, चालकाकडील कोपऱ्यात पाच इंची चौरस आणि पलीकडील कोपऱ्यात सात इंची. त्याहून कडक कायदा वेगमापक कॅमेऱ्यांचा. कॅमेरा पुढे आहे असा इशारा देणारी सोय वापरण्यास जर्मनीत चालकास मनाई आहे. फ्रान्समध्ये २०१२ पासून नेमकी जागा न दाखविता नुसते ‘धोक्याचे क्षेत्र’ दाखवावे लागते. आणि स्वित्झर्लंडात तर कॅमेऱ्यांच्या जागांची यादी डब्यात बाळगणे हाच गुन्हा, डबा जप्त होतो. स्टुटगार्टहून झुरिकला मुलांना घेऊन निघण्यापूर्वी ती यादी पुसून टाकावी, नुसती बंद करून भागत नाही.

वापराविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. हजारो मैल प्रवास करून आलेला डबा प्रथम उघड्या आकाशाखाली, मोटार उभी ठेवून सुरू करावा, कारण सर्व उपग्रहांची सूची आकाशातून सेकंदाला पन्नास ठोक्यांच्या गतीने येते आणि ती संपूर्ण उतरावयास साडेबारा मिनिटे लागतात. ‘घर’ म्हणून स्वतःचा पत्ता न भरता जवळचा पेट्रोलपंप भरावा, म्हणजे डब्यासह मोटार चोरणारा दाराशी येणार नाही. आणि उतरताना काचेवर उमटलेले रबरी वाटीचे वर्तुळ पुसावे, ते चोरास बोलावते. डब्याने दाखविलेली कच्ची वाट डोळ्यांना पटत नसेल तर डोळ्यांचे ऐकावे. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत बुजलेल्या वाटांवर डब्याच्या भरवशाने गेलेल्यांनी प्राण गमावले आहेत, आणि तेथील उद्यानाचे अधिकारी येणाऱ्यांना तशी ताकीद देतात.

उंचीच्या बाबतीत डबा नेहमीच कच्चा राहतो, कारण सारे साक्षीदार वर असतात, पायाखाली एकही नसतो. म्हणून एकावर एक रस्ते असले की त्याची गाळण उडते. ह्यूस्टनच्या उड्डाणपुलांवर जे घडते तेच नागपुरात वर्धा मार्गावर घडते. तेथे खाली जुना रस्ता, मध्ये ३.१४ किलोमीटरांचा उड्डाणपूल आणि त्याच्या माथ्यावर मेट्रो धावते, तेव्हा पुलावर असलेल्या मोटारीस डबा बिनदिक्कत डावीकडे वळावयास सांगतो.

परत येताना डबा आणावा काय? त्यात भारताचा नकाशा नसेल तर तो नुसते अक्षांश-रेखांश दाखवील. आणि नकाशा असून जुना असेल, तर ११ डिसेंबर २०२२ रोजी खुल्या झालेल्या नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्गावर मोटार धावत असता पडद्यावर ती तुरीच्या शेतातून चाललेली दिसेल. नुसता ऐकणारा डबा आणण्यास हरकत नाही. मात्र उपग्रहामार्फत निरोप धाडणारी, गिर्यारोहक वापरतात ती यंत्रे तशीच दिसत असली तरी भारतात परवान्यावाचून बाळगता येत नाहीत, आणि अशी यंत्रे जवळ सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना आपल्या विमानतळांवर अडकून पडावे लागले आहे. बॅटरी लिथियमची असल्याने डबा हातातील पिशवीत ठेवावा, आणि मे महिन्यात तो काचेवर तसाच ठेवून मोटार नागपुरात बर्डीच्या उन्हात उभी करू नये. बाहेर पंचेचाळीस अंश असता बंद मोटारीतील उष्णता माहितीपुस्तकात दिलेली मर्यादा दुपारच्या आतच ओलांडते.