नेम आधीं, जोर मागाहून

फुटसाल हा फुटबॉलचा आटोपशीर धाकटा भाऊ १९३० सालीं उरुग्वे देशांतील माँटेव्हिडिओ शहरीं जन्मास आला. हुआन कार्लोस सेरियानी हे त्याचे जनक. प्रत्येक बाजूस ५ गडी, आणि गोल अवघा ३ मीटर रुंद व २ मीटर उंच. एवढ्याशा जागेंत चेंडू घालावयाचा तर नुसता जोर पुरा पडत नाहीं. असें असतां पुष्कळदां दणकट मुलासच पुढें करतात आणि किरकोळ अंगाचा मुलगा कडेस बसून राहतो, हें आम्हांस गैर वाटतें.

शिक्षकांनीं प्रथम गोलाच्या चारी कोपऱ्यांत रंगीत फडकीं बांधावीं व ६ मीटरांवरून, स्थिर चेंडूवर, नेमाचा सराव द्यावा. टेकलेला पाय चेंडूशेजारीं, त्याचीं बोटें लक्ष्याकडे, मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ व नजर चेंडूवर असावी. हें अंगवळणीं पडल्यावर सोबत्यानें सरकविलेला चेंडू तळव्याखालीं अडवून लगेच मारावा. शेवटीं एक गडी अंगावर धांवत यावा. तेव्हां पाय मागें नेण्यास अवसर नसतो. बुटाच्या टोकाचा झटकाच कामीं येतो. हें सारें दोन्ही पायांनीं करवावें.

फुटसालचा चेंडू मुद्दाम कमी उसळणारा असतो. २ मीटरांवरून सोडला तरी पहिली उसळी ६५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असा नियम आहे. म्हणून तो लहानग्यांच्याही ताब्यांत राहतो.

अंगणांतील भिंतीवर खडूनें चौकट आंखूनही हा सराव होतो. वडील मंडळींनीं तेवढा गोंगाट सोसावा. जोर वयाबरोबर येईल; नेम मात्र आजच बसवावयास हवा.